नानांच्या शेवटच्या हंगामांची कॅसेट

मी पदवीधर झालो तो नानांमुळे. बोलताना हे मी पुष्कळदा सांगितलं आहे, लिहून मात्र आज पहिल्यांदाच ठेवतो आहे.

नाना म्हणजे जळगावातल्या एका ब्रास बँडचे मास्तर. ते क्लॅरोनेट वाजवत, त्यांचा भाचा ट्रम्पेट. आमचं त्यांच्याशी रक्ताचं नातं काही नव्हतं. माझे वडील शेतमजूर, पण लग्नसराई सुरू झाली की ते नानांच्या बँडमध्ये मोठा ड्रम गळ्यात अडकवून चालायचे. मी दहावी पास झालो त्या उन्हाळ्यात वडिलांनी मला धुतलेला सदरा घालायला लावला आणि नानांच्या गाळ्यावर नेलं.

"मास्तर, पोराला एक ड्रेस द्या. झांज तरी वाजवील."

नानांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. गाळ्याच्या भिंतीला सोनेरी झालरीचे लाल कोट ओळीनं टांगलेले होते. नाना म्हणाले, "मनाजोडे याना मापना कोट नही शे."

वडिलांनी एका कोटाकडे बोट दाखवलं. "हा?"

"तो मोठा व्हई."

"मग हा?"

"तो तंग व्हई."

वडील बिचारे तिसऱ्या कोटाकडे वळले, तेव्हा नाना हसले आणि म्हणाले, "त्याले कालेजमा धाड. तवलग मी कोट शिवी ठेवस." परतताना एस.टी.त वडिलांनी आधी तिकिटं काढली. मग म्हणाले, "माणूस पक्का आहे."

बारावीनंतर मी पुन्हा गेलो, तेव्हा शिंपी आजारी होता. बी.ए.च्या पहिल्या वर्षानंतर गेलो तर कापडच मिळालं नव्हतं. पुढे मी कोट मागणं सोडलं. तोवर मी त्या गाळ्यातच राहायला आलो होतो. खोलीचं भाडं आम्हाला झेपणारं नव्हतं, आणि पावसाळ्यात गाळा रिकामाच असे. डोक्यावर ट्रम्पेट टांगलेली, कोपऱ्यात ड्रम एकावर एक रचलेले, त्यांच्यामध्ये माझी सतरंजी आणि पुस्तकं. नाना संध्याकाळी येऊन क्लॅरोनेटच्या चाव्या पुसत बसायचे आणि मला मोठ्यानं वाचायला सांगायचे. इतिहास त्यांना आवडे, अर्थशास्त्राला झोप येई. निकाल लागला त्या दिवशी त्यांनी बायकोला, अक्कांना, बरोबर घेऊन सगळ्या गल्लीला पेढे वाटले. त्यानंतर त्यांनी मला माझ्या नावानं कधी हाक मारली नाही. हाक एकच: "काय, बी.ए.?"

मग मला धुळ्याला एका सरकारी कचेरीत कारकुनाची नोकरी लागली. सणावाराला जळगावला जाणं व्हायचं. नाना थकलेले दिसत, पण हंगाम चुकवत नसत. असं काही वर्षं चाललं. आणि एका उन्हाळ्यात वडिलांचा निरोप आला की मास्तरांनी वाजवणं बंद केलं.

झालं होतं ते असं. नशिराबादला लग्न होतं. मिरवणूक निम्म्या वाटेत असताना नवरदेवाच्या मित्रांनी दुसरी पार्टी आणली: ढकलगाडीवर कॅसिओ कीबोर्ड, मागे जनरेटर, वर कर्णे. ते सुरू झाल्यावर नानांचं क्लॅरोनेट शेजारी चालणाऱ्या माझ्या वडिलांनाही ऐकू येईना. एक मुलगा नानांजवळ आला आणि अगदी आदरानं म्हणाला, "बाबा, दमले तुम्ही. सावलीत बसा आता." नाना बसले. बसल्या जागीच त्यांनी क्लॅरोनेटचे सांधे सोडवले, पेटीत ठेवले आणि पेटी बंद केली.

पुढच्याच रविवारी मी जळगाव गाठलं. नाना गाळ्याच्या पायरीवर बसले होते. मी म्हणालो, "नाना, एका गाडीवाल्यापुढे तुम्ही हरलात?"

"गाडीवाला कसाले?" ते म्हणाले. "तो पोऱ्या खरं बोलना. मना दम चार-पाच वरीसपासूनच संपेल शे. लोक पैसा देतस, न मी नुसता फुकस. कोणी बोलनं नही इतलंच."

चार-पाच वर्षं. म्हणजे एका नशिराबादच्या लग्नावरून त्यांनी आपले मागचे सगळेच हंगाम बाद करून टाकले होते. मला ते पटेना. सुट्टीत मी त्यातली काही लग्नं पाहिली होती, आणि मला वाटायचं की नाना पूर्वी कधी वाजवत नव्हते असं काही अलीकडे वाजवू लागले होते. पूर्वी ते धून अखंड वाजवायचे, सूर नुसते सांडायचे. आता सूर मोजके झाले होते, पण एकेक सूर गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. हे त्यांना सांगावं कसं? मी सांगितलं, तर ते म्हणाले, "तुले काय समजस? तू इतिहास वाच." आणि वर, "आते क्लॅरोनेट पेटीमाच बरं शे."

त्याच महिन्यात माझं लग्न ठरलं, पुढच्या उन्हाळ्यातलं. मुलगी सोनगीरची. मी बी.ए. झालो त्या दिवशीच नानांनी शब्द दिला होता की माझ्या लग्नात ते स्वतः वाजवतील, पुढे चालून. लग्नाची बातमी द्यायला गेलो तेव्हा त्यांनी मला मिठी मारली, खिशातून पेढ्याला पैसे काढले आणि म्हणाले, "बँड मी धाडस. भाचा वाजाडी. मी जेवाले येस." शब्दाची आठवण मी काढली नाही. पण गाडीत बसलो तेव्हा मनाशी पक्कं केलं: माझ्या लग्नात नाना वाजवतील. कुणाची दया म्हणून नाही. त्यांनी स्वतःवर जो निकाल दिला आहे तो चुकीचा आहे, हे त्यांना पटेल म्हणून वाजवतील.

कसं पटवायचं, ते मला एका मित्रानं नकळत शिकवलं होतं. कॉलेजात माझ्या वर्गात धरणगावचा एक मुलगा होता. मारवाडी घर, सरकी आणि कापसाचा व्यापार. त्याच्या मुंबईच्या चुलतभावानं त्याला एक इंग्रजी कॅसेट पाठवली होती, कुठल्याशा रॉक बँडची. मला शब्द कळत नव्हते. मित्र म्हणाला, "हे सगळे आता म्हातारे झालेत. केस पिकलेत. या अलीकडच्या कार्यक्रमांतल्या निवडक जागा आहेत, थेट मैदानात रेकॉर्ड केलेल्या." ऐकता ऐकता एके ठिकाणी गाणारा वरच्या सुरापाशी आला आणि थांबला. ती ओळ लोकांनी गायली, हजारो लोकांनी. मग तो खालच्या सुरात परत आला. मी मित्राला ती जागा पुन्हा पुन्हा लावायला सांगितली. तो म्हणाला, "कुणीतरी बसून सगळं ऐकलं असेल, आणि नेमकं हेच ठेवलं."

तर मीही तसंच बसून ऐकायचं ठरवलं. नानांच्या तरुणपणाचं काहीच भरलेलं नव्हतं, कारण तेव्हा टेपरेकॉर्डर कुणाकडे होता? पण गेल्या चार-पाच वर्षांत घरोघर टेप आले होते, आणि लग्नात कुणीतरी काका किंवा मामा तो खांद्याला लावून मिरवणुकीत फिरायचाच. नानांचे उतरत्या वयातले हंगाम असे खानदेशभर लोकांच्या कपाटांत पडून होते, मंगलाष्टकं आणि बायकांची गाणी यांच्या मधोमध.

ते गोळा करणं सोपं नव्हतं. लग्नाची कॅसेट घराबाहेर द्यायला कुणी राजी नसतं. वडिलांना लग्नांची गावं आठवत, ती विचारून घेऊन मी रविवारी निघायचो. मी मास्तरांच्या ड्रमवाल्याचा मुलगा, असं सांगितलं की बसायला सतरंजी मिळे, चहा मिळे, पण कॅसेट मिळत नसे. "इथंच ऐका," असं म्हणत. नशिराबादलाच, तीन-चार वर्षांमागे लग्न झालेल्या एका घरात मी असाच ऐकत बसलो होतो. लग्नातली नवरी आता दोन मुलांची आई होती आणि माहेरी आली होती. टेपवर पाठवणीची वेळ आली, क्लॅरोनेटच्या खाली तिचं हमसून रडणं ऐकू येऊ लागलं, तशी ती स्वयंपाकघरातून पळत आली.

"ए माय! मी इतकी रडली?"

तिची आई म्हणाली, "इतकी? सगळ्या गावाले रडवलं तू."

"न् सासर तर मागल्या गल्लीत होतं!" ती हसत खाली बसली. धून संपेपर्यंत ती तिथेच बसून राहिली. त्या घरानं मला कॅसेट दिली, आणि वर भरताची वांगी दिली.

सोनगीरला, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासुरवाडीला, दुसराच प्रकार झाला. तिथल्या एका घरची कॅसेट लावली, नाना छान रंगात आले होते, आणि मधूनच एक मूल सातचा पाढा म्हणायला लागलं. पाढा संपला तेव्हा मिरवणूकही संपली होती. घरमालक ओशाळून म्हणाले, "पोराची परीक्षा होती हो, याच कॅसेटवर पाढे भरले." मी विचारलं, "पास झाला?" म्हणाले, "गणितात राहिला."

काही टेप संपत आलेल्या सेलवर भरल्या होत्या. त्या घरच्या मशीनवर लावल्या की सगळं भरभर पळे आणि नानांचं क्लॅरोनेट एखाद्या चिमण्या पोरासारखं वाजे. काहींची फीत बाहेर आलेली, ती पेन्सिलीनं गुंडाळून घ्यावी लागे. तरी माझ्याकडे एक पिशवी भरली. मित्राच्या धरणगावच्या घरी दोन कॅसेटचा टेप होता, एकीतून दुसरीत भरता येईल असा. वरच्या मजल्यावर, सरकीच्या वासात, आम्ही रविवारी दुपारी बसायचो. तो बटणं सांभाळायचा, मी हात वर केला की थांबवायचा.

"काय रे, नानांना लंडनला पाठवतोस की काय?" तो म्हणायचा.

"जळगावपर्यंत पोचले तरी पुष्कळ आहे."

मी ठरवलं होतं की कॅसेट स्वच्छ करायची. नानांना फक्त त्यांचं वाजवणं ऐकू यावं. म्हणून शिट्ट्या, पैसे ओवाळणाऱ्यांची नावं पुकारणं, घोडीवाल्याची आरडाओरड, "सरका, सरका", कुत्री, रडणारी पोरं, जे जे मध्ये येईल ते ते सगळं मी काढत गेलो. मी हात वर करायचो, मित्र बटण दाबायचा. गोंगाट गेला की पुन्हा सुरू. धून तुटली तर पुढे जिथे परत धरली असेल तिथून जोडायची. कॅसेट पुरी झाली तेव्हा मला वाटलं, आपण मोठं काम केलं. पाहुण्यांसाठी पितळेची भांडी घासून चकचकीत करतात तशी मी ती कॅसेट केली होती.

नानांच्या गाळ्यात मी ती लावली. ते डोळे मिटून ऐकत होते. पहिली धून संपली, चेहऱ्यावर काही नाही. दुसरी चालू असताना त्यांनी बोट वर केलं.

"हाई आयक. आठे तुटना."

"इथे? काय तुटलं?"

"दम. सूर धरेल व्हता, सोडी दिना. मंग परत धरना." थोड्या वेळानं पुन्हा बोट. "आठे बी." मग पुन्हा. टेपवर खरंच धून एकाएकी थांबत होती आणि एखाद्याला उचकी लागावी तशी परत सुरू होत होती. इतके दिवस मला ते ऐकू आलं नव्हतं, कारण मला माहीत होतं की मधलं मी काढलं आहे. नानांना ते माहीत नव्हतं. मी सांगायला लागलो, "नाना, ते मी कापलंय..." पण त्यांनी हात हलवला. त्यांना वाटलं मी त्यांची समजूत काढतो आहे.

"शेकडो लगनमा वाजाडं मी. कोणतं कोठलं ते आते माले ध्यानमा नही. पण दम तुटेल माले समजस." ते उठले. "बी.ए., तू माले मनीच चूक आयकाडाले उना का?" रागानं नाही म्हणाले. थट्टेत म्हणाले. तेच मला जास्त लागलं. मग म्हणाले, "भाचाले सांगेल शे. तुना लगनले तोच वाजाडी."

निकाल उलटवायला निघालो होतो, आणि आता तो त्यांच्या मनात आणखी पक्का झाला होता. वडील म्हणाले, "राहू दे आता. म्हाताऱ्याला त्रास देऊ नको." पण लग्नाला अजून अवकाश होता आणि पिशवी माझ्याकडे होती. पुढच्या रविवारी मी पुन्हा धरणगावला गेलो आणि मित्राला म्हणालो, "आता काहीही कापायचं नाही. मूळ टेप जशीच्या तशी लाव."

नानांनी पहिल्यांदा बोट वर केलं होतं ती धून धरणगावातल्याच एका लग्नाची होती. आम्ही ती सुरुवातीपासून ऐकली. नवरदेव मारुतीच्या देवळाकडे निघाला आहे. नाना धून उंच नेताहेत. कुणी तरी शिट्टी मारतो. आणि मग, मी कापलेल्या जागी, अगदी टेपजवळ एका माणसाचा दबका आवाज: "नाना, पुढला घरमा दुखवटा शे."

सूर तिथेच थांबला. एका क्लॅरोनेटचाच नाही, सगळ्यांचाच. ड्रम, झांज, ट्रम्पेट, सगळं एकदम. त्यानंतर टेपवर काहीच नव्हतं, नुसते पाय. शेकडो चपला मातीवरून सरकताहेत. घोडीच्या गळ्यातले घुंगरू. एक लहान मूल विचारतं, "बँड का थांबला?" आणि एक बाई म्हणते, "शू." बराच वेळ हे चालतं. मग लांब, वळणाच्या पुढे, एकटं क्लॅरोनेट हळूच सुरू होतं. सोडलेल्याच सुरावर. ड्रम अजून गप्प आहे. तो एकच सूर नाना धरून ठेवतात, लांब, लांब, आणि मग वर नेतात. दम संपलेल्या माणसाला असं वाजवता येत नाही.

मित्रानं टेप थांबवली. "आपण हे कापलं होतं?"

"मी कापलं होतं," मी म्हणालो.

दुखवट्याच्या दारावरून वाजत जायचं नसतं, हे आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पण टेपवर ऐकताना मला ती एक अडचण वाटली, सूर नसलेली जागा. मित्र म्हणाला, "ती गल्ली मला माहीत आहे. चल."

मारुतीच्या वाटेवरचं ते घर सापडलं. ओट्यावर एक म्हातारे आबा बसले होते. मित्रानं विचारलं, "आबा, मागे एका लग्नाची मिरवणूक इथून मारुतीला गेली, तेव्हा तुमच्याकडे..."

"मोठा भाऊ गेला होता मना," आबा म्हणाले. "दहावा पण व्हयना नव्हता. लगनवाला इचाराले येल व्हतात, दुसरी वाट नही शे, काय करूत? मी म्हंतं, जा. बाप्पा, लगन काय थांबस का?" मग त्यांनी समोरच्या रस्त्याकडे पाहिलं. "बँडवाला एक म्हातारा व्हता, पुढे चालनारा. तेनी आठे येताच टोपी काढी. वाजा बगलमा, टोपी हातमा. सगळा लोके मंग तसंच गयात. मी तठेच बठेल व्हतू." त्यांनी विचारलं, "शे का तो?"

"आहे," मी म्हणालो. "जळगावला आहे."

"त्याले सांगजो," आबा म्हणाले. पण काय सांगायचं ते बोलले नाहीत.

टोपी काढलेली टेपवर ऐकू येत नाही. ती मला आबांनी दिली.

त्यानंतर आम्ही सगळी पिशवी पहिल्यापासून ऐकली. मी ज्या ज्या ठिकाणी जोडकाम केलं होतं, तिथे बहुतेक ठिकाणी काहीतरी होतं. कुठे नवरीची आजी काठी टेकत घोडीपर्यंत येत होती आणि नाना तिच्या चालीनं वाजवत होते, इतकं हळू की ड्रमवाला, म्हणजे माझे वडील, "बापरे" म्हणताना ऐकू येतात. कुठे समोरून भरलेली बैलगाडी आली होती आणि बैल बुजू नयेत म्हणून सगळं बंद. दोन-तीन ठिकाणी मात्र दम खरोखरच तुटला होता. तिथे आम्ही कान लावून ऐकलं. सूर खाली येतो, जातो, आणि नानांचा भाचा ट्रम्पेटवर तोच सूर उचलतो, मागच्या मागे, कुणाला कळू न देता. मला मैदानातली ती हजारो माणसं आठवली.

दुसरी कॅसेट आम्ही हळूहळू बनवली. कमी धुनी घेतल्या, पण घेतल्या त्या संपूर्ण घेतल्या. शिट्ट्यांसकट, कुत्र्यांसकट, नशिराबादच्या त्या मुलीच्या रडण्यासकट. नानांना समोर बसवून ती ऐकवायची नाही, असं ठरवलं. समोर बसलो की ते माझा चेहरा बघतील. मी ती माझ्या वडिलांबरोबर पाठवली, आणि तिच्याबरोबर हे पत्र. पत्राची कच्ची प्रत माझ्याकडे राहिली, ती तशीच खाली देतो.

*

नाना,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून लिहितो.

बाबांबरोबर एक कॅसेट पाठवली आहे. मागची कॅसेट चुकीची होती. ती चूक तुमची नव्हती, माझी होती. मी तुमचं वाजवणं स्वच्छ करायला गेलो आणि तुम्ही जिथे जिथे मुद्दाम थांबलात त्या सगळ्या जागा कापून टाकल्या. त्यामुळे तुम्हाला तुमचा दम तुटल्यासारखा वाटला. या कॅसेटमध्ये मी काहीही कापलेलं नाही. गोंगाट पुष्कळ आहे, तो सहन करा.

पहिलीच धून धरणगावची आहे. मारुतीच्या वाटेवर दुखवट्याचं घर लागतं. तुम्ही थांबता, सगळे थांबतात, आणि पुढे वळणावर तुम्ही परत धरता. ते घर मी पाहून आलो. तिथले आबा अजून ओट्यावर बसतात. तुम्ही टोपी काढली होती, हे त्यांच्या ध्यानात आहे. त्यांनी तुम्हाला काहीतरी सांगायला सांगितलं आहे, पण काय ते सांगितलं नाही. मला वाटतं, तुम्हाला ते कळेल.

खोटं बोलणार नाही. दुसऱ्या बाजूला काही जागी दम तुटला आहे. त्याही ठेवल्या आहेत. तिथे भाचा तुमचा सूर कसा उचलतो ते ऐका. तुम्ही शिकवल्याशिवाय त्याला ते येणार नव्हतं. त्याला सांगा, मी ओळखलं.

आता लग्नाचं. सोनगीरला एस.टी. स्टँडपासून मारुतीपर्यंत जी गल्ली जाते, तिच्यात एका घरी मागच्या पंधरवड्यात मयत झाली आहे. सासऱ्यांनी ते घर मला दाखवलं. दुसरी वाट नाही. माझे ऑफिसातले मित्र गाडीवाली पार्टी ठरवा म्हणून मागे लागले आहेत. ती गाडी एकदा सुरू केली की जनरेटर बंद करायला वेळ लागतो, आणि ढकलणाऱ्याला मागून कुणी काही सांगितलं तर ऐकू येत नाही. वाजवणारे मला पुष्कळ मिळतील, नाना. त्या घरापुढे थांबेल असा माणूस मला हवा आहे, आणि वळणावर सोडलेलाच सूर परत धरेल असा. तेवढं केलंत तरी पुरे. बाकीचं भाचा वाजवील.

कोट घालायची जबरदस्ती नाही. उन्हाचे दिवस आहेत. पण टोपी आणा.

कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही छोटे तुकडे मी मोडून ठेवले आहेत, म्हणजे घरातल्या कुणी चुकून त्यावर दुसरं काही भरू शकणार नाही. ऐकून झाल्यावर अक्कांना द्या. त्यांनी कपाटात ठेवावी.

सकाळची धुळ्याची गाडी पकडलीत तर मी स्टँडवर उभा असेन. तिथून सोनगीरला आपण बरोबर जाऊ. पेटी मी उचलीन.

तुमचा,
बी.ए.